कीप, पुट आणि तेरावी वही

रविवार, २ मार्च २०२५

आज आलेलं सामान: इंग्रजी-मराठी शब्दकोश एक, पुठ्ठा सुटलेला. लाल पेनं चार, त्यातली दोन चालतात. खडूंचा डबा अर्धा. राखाडी स्वेटर एक. स्टीलची पाण्याची बाटली एक, आपलीच. शिट्टी एक, ती काहून होती कळलं नाही. ऑटोचे १४० रुपये. सामान घेऊन आलेली अपेक्षा घेत नव्हती, मी तिच्या पर्समध्ये कोंबले.

धरमपेठेतल्या क्लासमधला माझ्या मुग्धाचा कप्पा आता नव्या मॅडमना दिला म्हणे. साडेपाच महिने कोणी हात लावला नाही हेच खूप. अपेक्षा तिच्या सोबतीची, तिथंच इंग्रजी शिकवते. चहा घेतला, अर्धा ठेवला, म्हणाली, "काकू, शिट्टी वर्ग शांत करायला होती. तिचा आवाज बसायचा ना." म्हणजे घसा दुखायचा आणि घरी सांगत नव्हती. माझी एकुलती एक मुलगी सत्तावीस वर्षांची होऊन गेली, आणि तिच्या घशाची गोष्ट मला आज कळते.

शब्दकोशात बसच्या तिकिटाची खूण होती. उघडलं तर 'कीप' या शब्दाखाली लाल रेघ. तिथंच बसले.

मागच्या जूनमध्ये तिनं माझ्यासाठी एक वही सुरू केली होती. पुढच्या पुठ्ठ्यावर 'आईसाठी'. म्हणायची, "आई, मॅट्रिकला इंग्रजीत बेचाळीस मार्क होते ना तुला? ते बेचाळीस कुठं सांडले ते शोधू." मी कणीक मळायची आणि ही ओट्याला टेकून रोज दोन क्रियापदं सांगायची, दिसायला सारखी, वागायला निराळी. एका पानावर एक जोडी, समोरचं पान माझ्या वाक्यांना. शेवटची जोडी 'कीप' आणि 'पुट'. मराठीत दोन्हीला आपण ठेवणंच म्हणतो, म्हणून तिच्या वर्गातल्या पोरी बाक दाखवून 'कीप युवर बॅग हिअर' म्हणत आणि ही कपाळाला हात लावायची.

मला तिनं डब्यावरून समजावलं. "डबा फळीवर ठेवला, हे पुट. हात सुटला की काम संपलं. डबा वर्षभर फळीवर ठेवलास, मुंग्या लागू दिल्या नाहीस, हे कीप. इथं हात सुटल्यावर काम सुरू होतं." मग नऊ वाक्यं करायला सांगितली होती. माझी चार झाली होती, पाच राहिली.

उद्या वही काढते. पाच वाक्यं करते. मग पान उलटायचं आहे.


सोमवार, ३ मार्च

वही नाही.

देवघराच्या खालचा कप्पा, गादीखाली, ह्यांच्या पेन्शनच्या कागदांत, सगळीकडे पाहिलं. ह्यांना विचारलं तर पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "असेल कुठंतरी."

संध्याकाळी हिशेबाची वही उघडली, पावतीशी ताडून पाहिली. लिखित जपासाठी मागच्या वर्षी वह्या आणल्या एक डझन, ३६० रुपये. रामटेकच्या वाटेवरच्या मठात जपाच्या वह्या आत ठेवायचा नामस्तंभ उभा राहतो आहे, तिथल्या समितीला २० फेब्रुवारीला गठ्ठा दिला, त्यांची पावती: वह्या तेरा.

बाराच्या तेरा झाल्या त्या अशा. सप्टेंबरमध्ये दवाखान्यात जाताना मी जपाची वही घरी विसरले. मुग्धाच्या पिशवीत तिची ती वही होती. मागची पानं कोरी. संकल्प खंडित नको म्हणून मी मागून सुरुवात केली. चार रकाने, सत्तावीस ओळी, एका पानावर एकशे आठ श्रीराम. तिच्या पलंगाशी बसून त्रेपन्न पानं लिहिली. ती गेल्यावरही राहिलेला जप पुरा केला, कारण संकल्प अर्धा टाकू नये. खरं तर तो तिच्या लग्नासाठी केलेला सव्वा लाख नामांचा संकल्प होता. पुढे तो कशासाठी पुरा केला ते मला विचारू नये.

संक्रांतीला सगळ्या वह्यांना खाकी कव्हरं घातली. ही उलटी धरलेली, म्हणून लेबल मागच्या बाजूला गेलं आणि मुग्धाचं 'आईसाठी' कव्हराच्या आत झाकलं. जपाची पानं मोजून झाली की ही वेगळी काढायची असं मनात पक्कं होतं. गठ्ठा देण्याच्या दिवशी मोजून झालं तेव्हा कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि मी उठले. परत आले तर ह्यांनी सुतळी बांधून ठेवली होती. मी वरून हळदकुंकू लावलं. मठात जाऊन पळीनं उदक सोडलं. म्हणजे दिलं, आता माझं नाही, असं रामासमोर बोलून आले.


मंगळवार, ४ मार्च

पावतीवरच्या नंबरवर फोन केला. रुपराव म्हणून समितीचे कार्यवाह आहेत, शेतकरी माणूस, मागे मोटरपंपाचा आवाज येत होता.

"बाई, वही वापस? काहून? श्रीराम कमी लिहिले का?"

मी सांगितलं. त्यांनी आधी पंप बंद केला. मग म्हणाले, "गठ्ठे तं समदे सोडले ना आम्ही. आकारावारी लावून राहिलो. सतरा हजार वह्या हायेत. रामनवमीले स्तंभात सोडू अन् वरून सिमेंटचं झाकण. तुम्ही या. वह्या पाहू द्या म्हणतो मी कोणाले तरी. पण उदक सोडलं होतं का तुम्ही?"

"सोडलं."

"अरे बाप्पा," म्हणाले.

रामनवमी सहा एप्रिलला.


शुक्रवार, ७ मार्च

सोमवारी जायचं ठरलं. हे म्हणतात गुडघे दुखतात. गुडघे मागच्या आठवड्यात दुखत नव्हते.

तोवर राहिलेली वाक्यं हिशेबाच्या वहीच्या मागे करायला घेतली. शब्दकोशातून पाहून. पाचवं: मी घरचा हिशेब ठेवते. हे कीप, कारण रोज ठेवावा लागतो. सहावं: मी दुधात साखर घातली. हे पुट. म्हणजे घालणंसुद्धा पुटच. आपल्याकडे किती क्रियापदं, घालणं, लावणं, टाकणं, मांडणं, आणि त्यांचं एकाच पुटवर भागतं. काटकसरी लोक आहेत.

कीपचं एक आणखी सापडलं. 'कीप रायटिंग' म्हणजे लिहीत राहा. आमच्या नागपुरात लिहून राहिली, करून राहिली म्हणतात आणि पुण्याची माणसं हसतात, पण मला वाटतं आमचं हे इंग्रजीच्या कीपजवळ कुठंतरी बसतं. मुग्धा असती तर म्हणाली असती, "आई, बसत नाही, पण विचार चांगला आहे."

अपेक्षाला फोन करून विचारलं, पुटचा भूतकाळ काय. ती म्हणाली, "पुटच, काकू. काल ठेवलं तरी पुट, आज ठेवलं तरी पुट. कीपचं मात्र केप्ट होतं."

मग म्हणाली, "वही मिळाली की मला एकदा दाखवाल? तिचं अक्षर पाहायचं आहे." हो म्हटलं. मिळाली की.


सोमवार, १० मार्च

एसटीनं गेलो. माझं अर्धं तिकीट, ह्यांचंही वयामुळे अर्धं. हे आले अखेर. बसमध्ये एक शब्द नाही.

मठामागे पत्र्याची लांब शेड आहे. आत वह्याच वह्या, पुरुषभर उंच थप्प्या. खाकी कव्हरं. बहुतेकांवर हळदकुंकू. मी मोठ्या आवेशानं गेले होते की माझी वही मी हजारांतून ओळखीन. पहिली उचलली, उघडली: चार रकाने, सत्तावीस ओळी. दुसरी: चार रकाने, सत्तावीस ओळी. र थोडा वाकडा, वेलांटी लांब. सगळं अक्षर माझ्यासारखंच. आम्ही सगळ्या बायका एकाच शाळेत गेल्यासारख्या. एका वहीत मधेच लिहिलं होतं, 'दूधवाला दोन दिवस आला नाही', आणि पुढे पुन्हा श्रीराम. मला हसू आलं आणि लगेच रडू.

रुपरावांनी दोन बायका मदतीला दिल्या. त्यातली एक, वयानं माझ्याएवढी, विचारत होती, "पोरीले काय झालं होतं वं?"

"डेंग्यू."

"लवकर नाही नेलं काय?"

मी वही उघडून पाहत राहिले. हे बाहेर जाऊन नळाशी उभे राहिले, चूळ भरत, खूप वेळ.

चार वाजेपर्यंत माझ्या तीन वह्या सापडल्या. ती नाही. मग आतून निरोप आला की शोधणं थांबवा. मठाचे महाराज मौनात आहेत, पाटीवर लिहून बोलतात. रुपरावांनी पाटी आणून दाखवली. उदक सोडलेली वस्तू परत मागणं बरं नाही, एकीला दिली तर सगळ्या मागतील. त्याखाली लहान अक्षरात: लेखी अर्ज करावा, विचार करू.

रुपराव मला शेडच्या दाराशी म्हणाले, "मायबाई, माझ्या हातात असतं तं मी आताच झाडून काढली असती. पण हे समदं मोठ्या लोकाईचं. तुम्ही अर्ज टाका. टपालानं टाका, हातचा कागद इथं हरवते. अन् जे खरं आहे तेच लिहा, ते वाचतात बरं."

मग ह्यांच्याकडे पाहून म्हणाले, "काका, तुम्ही काहीच नाही बोलले गा?"

हे म्हणाले, "बस आहे पाच वाजता."


शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. गल्लीत पोरांचा गोंधळ. आमचं यंदा वर्ष धरलेलं, रंग नाही. दार लावून घेतलं.

सातवं वाक्य केलं: ती वचन पाळते. हे कीप. आठवं: मी दिवा... नको. शब्दकोशात 'पुट आउट' म्हणजे विझवणे दिलं आहे. आमच्याकडे दिवा विझवला म्हणत नाहीत. ते सोडून दिलं. आठवं वेगळं केलं: तिनं स्वेटर घातलं. स्वेटर घालणं 'पुट ऑन'.

शब्दकोशात त्याच पानावर जरा वर 'पुट ऑफ' आहे. म्हणजे पुढे ढकलणे. लाल पेनानं तिनं त्याच्यावर टिंब केलं आहे. वर्गात शिकवायला घेतलं असेल.

अर्जाला अजून हात लावला नाही. हे दोनदा म्हणाले, "जाऊ दे ना आता. काहून जिवाला त्रास करून राहिली? रामाच्या पायाशी आहे ती वही, वाईट ठिकाणी आहे का?" ह्यांना पोरीच्या वस्तूंचं कधी काही नव्हतंच. स्वेटरसुद्धा आल्या दिवशी कपाटात वर टाकून दिलं, पाहिलंही नाही. पुरुषांना सोपं असतं.


बुधवार, १९ मार्च

आज सहा महिने झाले.

जे झालं ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या मला ते वेगळं आठवेल.

सकाळी जेवताना मी म्हटलं की आज अर्ज लिहिते. त्यांना सांगते की त्या वहीत एक पान आहे जे मी वाचलेलं नाही. हे जेवता जेवता थांबले.

ते पान असं. पंधरा सप्टेंबरला तिला जरा बरं होतं. उशीला टेकून बसली, वही मागितली. मी जप लिहीत होते ती मागून, तिनं पुढून उघडली आणि कीप-पुटच्या पुढचं पान काढून काहीतरी लिहिलं. दोनच ओळी. सलाईनच्या हातानं, पेन दाबून. मी म्हटलं, काय लिहिलं गं? म्हणाली, "तुझी नऊ वाक्यं झाली की पान उलट. आधी पाहिलंस तर नापास." मी हसले. चार दिवसांनी ती गेली. शेवटच्या संध्याकाळी माझा जप मागून लिहीत लिहीत त्याच पानाच्या पाठीवर पोचला. तिच्या ओळी मागच्या बाजूनं उठून आल्या होत्या. त्या दोन रेघांवर माझं पेन अडखळत होतं आणि मी त्यांच्यावरून श्रीराम लिहिलं. पान उलटलं नाही. वाक्यं झाली नव्हती. नंतर साडेपाच महिने वाक्यं केली नाहीत. केली असती तर वाचावं लागलं असतं.

हे म्हणाले, "मी वाचलंय ते."

"कधी?"

"दवाखान्यात. तू बाहेर प्लेटलेटच्या पिशवीसाठी उभी होतीस तेव्हा."

 हे ताटाकडे बघत बोलत होते. "सुतळी बांधताना मला ती वही दिसली होती. उलटी ठेवलेली. मला कळलं कोणती ते."

"आणि बांधली?"

"तू आपणहून उघडत नव्हतीस. मला वाटलं, नकोच उघडू. स्तंभात गेली म्हणजे कोणाच्याच हाती नाही. रामाजवळ राहील."

"काय आहे त्यात?"

"दोन वाक्यं आहेत. एक पुटचं, एक कीपचं."

"काय?"

"पुटचं वाचून मला वाटलं, हे हिनं कधी वाचू नये."

"आणि कीपचं?"

ह्यांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "तारा, खरं सांगतो, कीपचं मला आठवत नाही. पहिलं वाचलं आणि वही मिटली. दुसऱ्यावरून नजर गेली असेल. आठवत नाही."

सहा महिने हा माणूस एका वाक्याखाली बसला होता आणि मी लिहीत होते की पुरुषांना सोपं असतं. ते वरचं खोडत नाही. लिहिलं ते लिहिलं.

ते पहिलं वाक्य सांगायला लागले तर मी हात केला. सांगू नका म्हटलं. इंग्रजीतही नको, मराठीतही नको. मला तिच्या अक्षरात वाचायचं आहे, आणि दोन्ही वाचायची आहेत. ताट तसंच उचललं. कपाटातून स्वेटर खाली काढलं तर त्याची घडी बदललेली होती. मी घातली होती तशी नव्हती.


शुक्रवार, २१ मार्च

नववं वाक्य.

दोन दिवस तेच घेऊन बसले आहे. 'पुट ऑफ' वापरून करायचं. शब्दकोशात उदाहरण आहे: पावसामुळे त्यांनी सामना पुढे ढकलला. मी कशाला सामना ढकलू?

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, तीन दिवसांच्या. मुग्धाला आठ तारखेला ताप आला. दहाला महालक्ष्म्या आल्या, अकराला जेवण, सोळा भाज्या, आंबील, पुरण, चाळीस पानं. ती पलंगावरून म्हणाली, "आई, आज डॉक्टरकडे जाऊन येऊ का?" मी म्हटलं, "बाई, महालक्ष्म्या उठू दे, मग जाऊ. आज घर सोडता येत नाही. क्रोसिन घे." ती बरं म्हणाली. बाराला महालक्ष्म्या उठल्या आणि आम्ही दवाखान्यात गेलो. तिथला डॉक्टर फाईल वाचत म्हणाला, काल आणलं असतं तर. पुढचं बोलला नाही. हे शेजारी उभे होते.

हे मी आजवर कोणाला बोलले नाही. ह्यांच्याशीही नाही. देवघरात त्या दोघींचे मुखवटे डब्यात आहेत, मी डबा उघडला नाही. पुढच्या भाद्रपदात त्या बसवायच्या की नाही, मला माहीत नाही. त्यांचा दोष नाही, त्यांनी थांब म्हटलं नव्हतं. मी म्हटलं.

वाक्य केलं. 'वी पुट ऑफ द डॉक्टर फॉर वन डे.' अपेक्षाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "डॉक्टरच्या आधी एक शब्द हवा, काकू, भेट किंवा जाणं असं काहीतरी," आणि मग तिला बोलता आलं नाही. तिला कळलं की काय? मी म्हटलं, राहू दे, मार्क देऊ नको.

नऊ झाली.


रविवार, २३ मार्च

मनात एक काटा आहे तो इथे लिहिते.

सव्वा लाख नाम आता तिच्या गतीसाठी समजून दिलं. ते परत मागितलं तर तिच्या वाटचं पुण्य मी काढून घेतल्यासारखं होईल का? आई म्हणून दिलेलं, आई म्हणूनच ओढून घेते आहे. कशासाठी? तर दोन ओळी वाचायला. त्यातली एक मला काय म्हणणार ते मला आता कळल्यासारखं आहे. ह्यांचा चेहरा पाहिला की कळतं.

सकाळी पूजा करताना सुचलं. उदक आपल्याच वस्तूवर सोडता येतं. शेजारच्याची गाय मी दान करू शकत नाही. ती वही मी विकत आणलेली नव्हती, हिशेबात नाही. ती मुग्धाची. पुठ्ठ्यावर तिनं 'आईसाठी' लिहिलं, पण देऊन टाकली नव्हती, पाठ संपायचा होता. मग मी ती दिली कशी? माझं पाणी त्या वहीवर पडलं तरी ती गेली नाही.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "वकील व्हायला पाहिजे होतीस." बऱ्याच दिवसांनी असं बोलले.

पण एक अडचण राहतेच. त्या पानाच्या पाठीवर रामाची एकशे आठ नावं आहेत, ती तर माझी होती आणि ती मी दिली. पान एकच. फाडून दोघांना देता येत नाही.


बुधवार, २६ मार्च

अर्ज आज रजिस्टरनं पाठवला. हे पोस्टात गेले, सोबत उत्तरासाठी आपला पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट घातलं. नक्कल इथे ठेवते.

"श्री महाराजांचे चरणी, तारा विश्वनाथ हिचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी २० फेब्रुवारीला तेरा वह्या दिल्या. त्यातली एक चुकून दिली. ती माझ्या मुलीची, कै. मुग्धाची होती. माझी नसल्यामुळे ती देण्याचा मला अधिकार नव्हता. ओळखण्याची खूण: खाकी कव्हर, लेबल मागच्या बाजूला, कव्हर काढल्यास पुढच्या पुठ्ठ्यावर 'आईसाठी' असं लिहिलेलं. पुढून इंग्रजी, मागून नाम.

मागच्या त्रेपन्न पानांपैकी बावन्न पानं रामाची आहेत. ती काढून स्तंभात घालावीत, माझी हरकत नाही. त्रेपन्नावं पान मात्र मला पाहिजे. त्याच्या एका बाजूला एकशे आठ नामं आहेत आणि दुसऱ्या बाजूला माझ्या मुलीची दोन वाक्यं. त्या नामांच्या बदल्यात एकशे आठ नामांचं एक पान आज नव्यानं लिहून सोबत जोडलं आहे. कृपया मोजून घ्यावं. अक्षर वाईट आलं आहे, हात थांबत होता. संक्रांतीनंतर आज पहिल्यांदा लिहिलं. हे पान कमी प्रतीचं वाटल्यास तसं कळवावं, मी पुन्हा लिहीन, म्हणाल तितक्या वेळा लिहीन.

उदक सोडलेलं परत मागणं बरं नाही हे मला समजतं. त्यात दोष लागत असेल तर तो माझ्या नावावर असू द्यावा, मुलीच्या नाही. मालकांच्याही नाही, त्यांनी फक्त सुतळी बांधली.

त्या पानावर काय आहे ते मला माहीत नाही. माझ्याविरुद्ध असलं तरी चालेल. मुलीनं मला म्हटलेलं आहे, ते मी ऐकायला हवं. दुसरं वाक्य काय आहे हे कोणालाच आठवत नाही, आणि ते जाणणारं आता त्या पानाशिवाय कोणी उरलं नाही.

वही सापडल्यास कळवावं. वही सापडूनही देता येत नसल्यास स्पष्ट तसं कळवावं. आणि सापडलीच नाही तर तेही कळवावं. रामनवमीला झाकण बसण्याआधी कळवावं, म्हणजे त्या दिवशी मी आणि माझे मालक तिथे येऊन नुसते उभे राहू. कृपा करून उलट टपाली कळवावं."